कोटाची ट्रायल

३ मार्च
ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

नव्या नावाची कागदपत्रं आली. तुझा भाचा सरकारदरबारीही निवृत्त झाला आणि भाची रुजू झाली! पण बाबांची दोन वर्षांत एक ओळ नाही. मला घरी यायचंय, आणि मुलगी म्हणूनच. आमच्या ट्रान्स मैत्रिणींतली थोरली साठीची आहे. तिला घरून चाळीस वर्षांत पत्र नाही, तरी पोस्टमन दिसला की केस सारखे करते. मला त्याचीच भीती वाटते. तू दुकानात बाबांच्या शेजारी काजं-बटणं करत बसतेस, तेव्हा जरा अंदाज घे ना.

लोभ वाढला तरी माझी तक्रार नाही.
तुझी भाची


१२ मार्च
चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी इस्त्रीच्या टेबलावर मुद्दाम विसरले. तुझ्या बापाने ते वाचलं नाही म्हणे, नुसती इस्त्री केली. दुसऱ्याच दिवशी निळं लोकरी कापड काढून बायकी कोट बेतायला बसला. कुणाचा विचारलं, तर म्हणे एका गिऱ्हाइकाचा. आणि माप वहीतलं, तुझ्या अठराव्या वर्षाचं! जन्मभर पुरुषांचेच कोट शिवलेले, त्यामुळे काजं बायकांसारखी उजवीकडे सोडून पुरुषांसारखी डावीकडे पाडून मोकळा झाला. मी हसले, तर माझ्यावरच डाफरला. पाडलेलं काज काही बुजत नाही, मग अख्खा पुढचा भाग पुन्हा कापला. कोट पार्सलने पाठवतेय. कुणी शिवला ते सांगायचं नाही, अशी ताकीद आहे.

माया आहे तशीच,
आत्या


२० मार्च
ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

कोट मिळाला. खांद्यात सैल, छातीत घट्ट. औषधांनी अंग बदललंय हे वहीला कोण सांगणार? बटणं लावली की श्वास कोंडतो, तरी दोन दिवस ऑफिसात घालून मिरवले. बाबांना सांगू नकोस, जिवाला लावून घेतील. त्यांचा एक शब्द हवा होता गं. कोट कुशीत घेऊन खूप रडले.

आठवण ठेव.
तुझी भाची


२७ मार्च
चि. मुलीस,
आशीर्वाद.

तुझी आत्या पत्रं फार विसरते. या वेळी मी वाचलं.

असला घट्ट कोट घालून तू ऑफिसात गेलीस? दुकानाची अब्रू घालवलीस! पण चूक माझी. जुन्या मापावर शिवायला नको होतं, आणि गप्पही बसायला नको होतं. ट्रायल पोस्टाने होत नाही. रविवारी ये, मी दुकान उघडून बसतो. माप आत्या घेईल, मी लिहून घेईन.

तुझं नवं नाव दुकानात कोणी नसताना म्हणून बघतो. आज दोनदा नीट जमलं.

तुझा बाप