यानाचं दार

ता. ११ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. स्वेटर पोचला. बाह्या जरा लांब झाल्यात, पण थंडीत हात आत ओढून घेता येतात. इकडे सगळं ठीक. नव्या यानाचं काम जोरात चालू आहे.

परवा फोनवर तू म्हणालीस, "हे दिवसभर कुंड्यांना पाणी घालत बसतात. विचारलं तर म्हणतात, वय झालं माझं." आणि वर म्हणालीस, "एवढी वर्षं विमानं उडवली, आणि बंद खोलीत घाबरले?" मी नुसतं 'हं' म्हटलं. त्या 'हं'ची मला लाज वाटते, ताई.

भावोजी घाबरले नव्हते. मी घाबरले होते.

चाचणीसाठी आम्ही दोघं जमिनीवरच्या नमुना केबिनमध्ये आठवडाभर बंद राहणार होतो. अंतराळात जाणारे ते, केबिन आखणारी मी. म्हणून मीही हट्टाने आत बसले. तिसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे पंखे बंद केले. हवा भरपूर होती, तो हिशेब माझाच. पण पंख्यांचा आवाज थांबला आणि माझा श्वासच अडकला. भावोजी "अगं थांब" म्हणेपर्यंत मी दाराचा खटका ओढला होता. चाचणी तिथेच संपली.

कॅमेऱ्यात दाराचा कोपरा येत नव्हता. बाहेरची माणसं धावत आली तेव्हा भावोजींनी मला मागे सारलं आणि म्हणाले, "मी उघडलं. जीव घाबरा झाला माझा."

नंतर मला म्हणाले, "तुझ्या केबिनवर कुणाचा विश्वास उरणार नाही. माझं मी सांभाळून घेईन." त्यांना वाटलं, समज देऊन सोडतील. त्यांना मोहिमेतूनच काढलं. तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. पुढच्या यानाचं काम माझ्याकडे येणार होतं.

आज प्रमुखांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आधी बोलला असतात तर. त्यांच्या जागी घेतलेल्या वैमानिकाच्या मापाची खुर्चीसुद्धा तयार झाली." भावोजींच्या नावावरचा डाग पुसतील, जागा परत मिळणार नाही. मला केबिनच्या कामावरून काढलंय. त्याचं काही नाही.

रविवारी येते आहे. समोर बोलायला लागले तर भावोजी हसण्यावारी नेतील, म्हणून आधी तुला लिहिलं. त्यांना जे जे बोललीस, ते आता मला बोल. मी ऐकून घेईन.

जिच्यासाठी तुझा नवरा खोटं बोलला, ती तुझी
धाकटी