घरात बसलेला माणूस

सोम. ३ फेब्रु.
आज त्याच्या चपात्या मोजल्या. चार झाल्या. पाचवीसाठी हात डब्याकडे गेला, तेव्हा मी डब्याकडेच बघत होते. त्याने बघितलं. हात मागे घेतला. "पोट भरलं," म्हणाला.
शी. सोळा वर्षांचा संसार आणि मी नवऱ्याचे घास मोजते.
तोंडाने अहो, वहीत विलास. इथे तरी नावाने लिहिते. अंधेरीतली त्याची कंपनी बंद पडली त्याला आठ महिने. पहिले दोन महिने रोज कामाच्या शोधात बाहेर. मग आठवड्यातून एकदा. आता दाढीसुद्धा करत नाही. भिंतीकडे तोंड करून झोपलेला असतो. उशीला तेलाचा कुबट वास येतो. पाणी मी भरते, टॉवरमध्ये दोन घरांचा स्वयंपाक मी करते, आणि घरी येऊन ही पाठ बघायची.

बुध. ५ फेब्रु.
बाराव्या मजल्यावरच्या मॅडमना सांगून बसले. कशाला सांगितलं.
"अगं, डिप्रेशन असतं हे. सकाळी आरेच्या जंगलात फिरायला पाठव त्याला. तुम्हाला किती जवळ! झाडं बघितली की मन हलकं होतं."
वर डब्यात उरलेला केक दिला. क्रीम आंबलेलं, वासावरूनच कळलं. तरी थँक्यू म्हटलं.
तनूला नाही दिला. नववीतली पोर, तिला कळतं सगळं. कचऱ्यात टाकला. मग वाटलं, क्रीम खरवडून खालचा चालला असता. वाकून बघितलं कचऱ्याच्या डब्यात. खरंच बघितलं.
पुरे आज.

शनि. ८ फेब्रु.
कॉलेजतर्फे एक मुलगी आली सर्व्हेला. मोनाली नाव. गळ्यात कार्ड, हातात टॅब. घरातल्या कर्त्या माणसाशी बोलायचंय म्हणाली. मी म्हटलं, तो काय झोपलाय कर्ता. लागलं असेल त्याला. लागू दे, म्हटलं.
उठून बसला. मी भाजी परतत होते. घर एवढंसं, सगळं ऐकू येतं.
झोप लागते का. भूक लागते का. आपण कुणाच्या कामाचे नाही असं वाटतं का. तो हो, नाही, हो, करत होता, रेशनच्या लाइनीत उत्तर द्यावं तसं. मग तिने विचारलं, गेल्या पंधरा दिवसांत, आपण नसतो तर बरं, असं किती दिवस वाटलं?
"रोज."
एवढंच. कांदा किती आणला विचारल्यासारखं.
डोळे भरले पोरीचे. मग म्हणाली, "काका, मला पुढचा प्रश्न विचारावा लागेल." पुढचा प्रश्न असा: आज पाचशे घ्याल, की महिन्याने हजार?
"आज."
मी मध्ये पडले. म्हटलं, हे कशासाठी गं? म्हणे, "काकू, लोक थांबू शकतात का ते बघतात."
माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आम्ही थांबत नाही? पाण्याला थांबतो. संडासाला डबा घेऊन थांबतो. घराच्या कागदांसाठी माझे सासरे थांबले ते मरेपर्यंत. महिन्याने तू येशील ह्याची गॅरंटी कोण देणार, तुझा टॅब?
बिचारीने पाचशे दिले, सही घेतली, हॉस्पिटलचा पत्ता लिहून दिला. जाताना हळूच, "काकू, मंगळवारी ओपीडी असते. न्याच त्यांना."
भाजी करपली. त्याच्याकडे बघवेना. सोळा वर्षं एका अंथरुणात, आणि हे मला एका टॅबवाल्या पोरीमुळे कळावं.

रवि. ९ फेब्रु.
त्या पाचशेची सुरमई आणली त्याने! गॅस संपत आलाय, तनूची फी राहिलीय, आणि सुरमई. अंगावर धावून जावंसं वाटलं.
स्वतः साफ केली, स्वतः तळली. "आज खावया गो, उद्याचा उद्या बघूया." खुशीत असला की मालवणीवर येतो. किती महिन्यांनी ऐकली. तनू खिदळत होती. काटे काढून तिच्या ताटात घालत होता.
सगळ्यात जास्त मी खाल्ली. शिव्या घालत घालत.

मंगळ. ११ फेब्रु.
नेलं त्याला. येत नव्हता. "तिकडे नको नेऊ, वेडा म्हणतील." म्हटलं, म्हणू दे, आळशी म्हणतात त्यापेक्षा बरं. मीच म्हणते, ते नाही सांगितलं.
नऊला नंबर लावला, दीडला आत. शेजारच्या बाकावर एक म्हातारी सारखी थुंकत होती. पाय वर घेऊन बसले. आणि तिचा मुलगा प्रत्येक वेळी रुमालाने पुसत होता, न चिडता. मला त्याचाच राग आला.
डॉक्टर तरुण, पण बोलायला बरा. विलासला म्हणाला, "ही तुमची चूक नाही. आजार आहे." विलास रडला. सगळ्यांसमोर, आवाज काढून. मी खिडकीकडे बघत बसले. लाज वाटली, आणि लाज वाटल्याची किळस.
गोळ्या मिळाल्या. कागदावर लिहिलंय: झोप मोडायची नाही, रात्रपाळी नको, पंधरा दिवसांनी या.

गुरु. १३ फेब्रु.
दुसरं घर गेलं. सातव्या मजल्यावरचं. मंगळवारच्या सुट्टीचं आदल्या दिवशी सांगितलं होतं. आज दारातच, "आम्हाला रेग्युलर बाई मिळाली गं." आत नवी बाई माझ्याच पोळपाटावर लाटत होती. मान वर केली नाही तिने. मीही कुणाच्या तरी जागेवरच लागले होते ना.
घरी सांगितलं नाही. दोन तास बस स्टॉपवर बसून मग आले.

सोम. १७ फेब्रु.
गोळ्यांनी दिवसभर पेंगतो. पण आज दाढी केली. उशीचा अभ्रा स्वतः धुतला. तनूला गणित समजावत होता, आवाज चढवून, पूर्वीसारखा.
बरं वाटायला हवं. माझ्या मनात काय, तर आता उठतोय तर कामालाही लागेल. झाड जगलं नाही तोवर फळ मोजायला बसले.

शुक्र. २१ फेब्रु.
शेजारचे परब आले होते. गोरेगावला नवीन बिल्डिंगवर वॉचमन पाहिजे. बारा तास ड्युटी, रात्री आठ ते सकाळी आठ. सोमवारपासून. "दिवसाची जागा नाय रे विलास. आणि लवकर सांग, अजून दोघं तयार आहेत."
तेव्हाच मला सांगावं लागलं, सातव्या मजल्याचं काम गेलं म्हणून. त्याने ऐकलं. "माझ्यामुळे," म्हणाला. मी नाही म्हटलं नाही.

रवि. २३ फेब्रु.
शर्ट इस्त्री करून ठेवलाय त्याने. दुपारपासून चार वेळा विचारलं, "जाऊ ना गं उद्या?" प्रत्येक वेळी मी काहीतरी काम काढते.
डॉक्टरचा कागद वाचता येतो त्याला. तरी मला विचारतोय. मी नको म्हटलं की नाही जाणार. जा म्हटलं की जाईल, आणि कधीच म्हणणार नाही की तूच पाठवलंस.
मॅडमना फोन करून विचारावं वाटलं. त्या म्हणतील, आरोग्य आधी. त्यांच्या घरात तसंच असतं.
तनू म्हणाली, "आई, पप्पा आता बरे झालेत ना?"
तो पाटावर बसलाय, माझ्या तोंडाकडे बघत. "काय लिहितेस एवढं? आधी सांग."
सांगते म्हटलं. हे वाक्य पुरं करते आणि