मांडवावरचा कॅमेरा

८ फेब्रुवारी
आजपासून लग्नं बंद. कायमची. ऐन उमेदीची वर्षं मी ताश्कंदभरच्या म्हाताऱ्यांना पहाटे लग्नाचा पुलाव खाताना शूट करण्यात घालवली. नवरदेवाचे काका, नवरीचे काका, काकांचे काका. सगळे एकसारखेच चावतात. आता फक्त शहर. टाइम-लॅप्स. एक टॉवर, एक कॅमेरा, दर दहा मिनिटांनी एक फोटो. शेवटी तीन मिनिटांत खड्ड्यातून इमारत उगवताना दिसेल आणि लोक विचारतील, हा मिर्झोहिद कोण?
बायकोला, मुनिसाला सांगितलं. ती दातांची डॉक्टर आहे, त्यामुळे समोरच्याला बोलू देऊन मग दुखेल तिथेच बोट ठेवायची तिला सवय आहे. तिने विचारलं, रविवारी तिच्या मावसबहिणीचं लग्न आहे, त्यांना काय कळवू? मी म्हटलं, ते घरचं. घरचं लग्न हे लग्न धरत नाहीत.

१० फेब्रुवारी
कॅमेरा लागला. आईच्या अंगणात द्राक्षांचा मांडव आहे, लोखंडी पाइपांचा. त्याच्या वरच्या पाइपवर डबा ठोकला. समोर गल्ली, गल्लीपलीकडे टॉवरचा खड्डा. फ्रेम अशी की बघत राहावं. डबा मी स्वतः बनवला, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून. काळा रंग दिला. प्रोफेशनल दिसतो.
आई खाली शिडी धरून उभी होती. म्हणाली, तिथे वेल येते. मी म्हटलं, वेल तर मातीखाली आहे. हिवाळ्यात थंडीने मरू नये म्हणून इथे सगळेच वेल पुरून ठेवतात. बाबा होते तेव्हा ते पुरायचे, आता शेजारचे तुरघून-अका, म्हणजे तुरघूनदादा, पुरतात. आई म्हणाली, आत्ता मातीखाली आहे. मी म्हटलं, तेव्हाचं तेव्हा बघू. कलेत आधीच सगळं ठरवून चालत नाही.

१६ मार्च
अनर्थ. आज गल्लीतले लोक मदतीला आले आणि वेल उकरून मांडवावर चढवली. मला कोणी विचारलं नाही. तुरघून-अकांच्या खांद्याचा धक्का डब्याला लागला. फ्रेम हलली. महिनाभराच्या कामात आता एक उडी दिसणार.
मी खालून ओरडत होतो. अका म्हणाले, तू ओरडतोयस तेवढ्या वेळात एक फांदी धरली असतीस तर धक्का लागला नसता. यांना कंटिन्युइटी कशाशी खातात ते माहीत नाही. आईने सगळ्यांना पुलाव वाढला. मी निषेध म्हणून जेवलो नाही. नंतर स्वयंपाकघरात उभ्याने खाल्ला, पण तो शिळा होऊ नये म्हणून.

२३ मार्च
बिल्डरच्या ऑफिसातल्या दोनियोरला भेटलो. पोरगा नुकतंच मिसरूड फुटल्यासारखा दिसतो, पण खुर्ची माझ्यापेक्षा मोठी. फोनवर दहा सेकंदांचा तुकडा दाखवला. म्हणाला, "छान आहे हो अका. सप्टेंबरच्या एक तारखेला उद्घाटन आहे, तेव्हा बघू." म्हणजे झालंच. उद्घाटनाच्या पडद्यावर माझी फिल्म. लेखी काही घेतलं नाही. दोन व्यावसायिकांमध्ये विश्वास असतो.
त्याच्या भिंतीवर नकाशा होता. दुसरा टप्पा म्हणून आईची आख्खी गल्ली निळ्या रंगात होती. निळा रंग छान होता.

५ एप्रिल
गल्लीला नोटिसा आल्या. शरद ऋतूत सगळे बाहेर. बदल्यात फ्लॅट. आईला शहराच्या दुसऱ्या टोकाला नवव्या मजल्यावर.
आईने एकच विचारलं. तुझी त्या ऑफिसात ओळख आहे, तर द्राक्षं उतरेपर्यंत थांबतील का विचार. या वर्षीचे घड गल्लीतल्या घराघरात द्यायचे आणि मग जायचं, एवढंच तिच्या मनात आहे. ही वेल केलिन-बारमोकची, म्हणजे सुनेच्या बोटांसारखी लांबट द्राक्षं. बाबांनी मी जन्मलो त्या वर्षी लावली. मी म्हटलं, विचारतो.
नाही विचारलं. आत्ता दोनियोरच्या डोक्यात माझी प्रतिमा कलावंताची आहे. तिथे एकदम द्राक्षं आणली तर ती बिघडेल. शिवाय शरदात बाहेर म्हणजे द्राक्षं त्याआधी उतरतातच. आपोआप सुटलेला प्रश्न आहे.

२ मे
फ्रेमच्या कोपऱ्यात एक पान आलं. कोवळं, उन्हात आरपार दिसणारं. ठेवू. मानवी वस्ती विरुद्ध काँक्रीट, असा अर्थ आपसूक येतो.

९ मे
पानं बरीच. संकल्प: दर रविवारी जाऊन हलक्या हाताने छाटणी.

१७ मे
रविवार. नाही जमलं. लग्न होतं. घरचंच, मुनिसाच्या क्लिनिकमधल्या नर्सच्या घरचं.

२४ मे
ऊन फार. शिवाय माणूस सारखा फ्रेममध्ये हात घालायला लागला तर डॉक्युमेंटरी कसली?

७ जून
कार्ड बदलायला गेलो. बसून बघितलं. हिरवं. नुसतं हिरवं. सकाळी फिकट हिरवं, दुपारी गडद हिरवं, संध्याकाळी काळं, मग परत हिरवं. टॉवर कुठेच नाही. सगळा वसंत वाया. मधल्या काळात इमारत सात मजले वर गेली आहे हे मला गल्लीत उभं राहून कळलं.
आई मागून डोकावून बघत होती. म्हणाली, अगं बाई, हे तर आपलं अंगणच, कळ्या कशा धरल्यात बघ. मी चिडलो. म्हटलं, हा कचरा आहे. दुसरं कार्ड लग्नाच्या कॅमेऱ्यात राहिलं होतं. म्हणून तिथेच सगळं डिलीट केलं आणि तेच कार्ड परत लावलं. घरी नेऊन कॉपी करता आलं असतं, पण कचरा कोण कॉपी करतो?
आई म्हणाली, थोडी पानं बाजूला बांधून देते. मी म्हटलं, तू नको, मी बघतो.

१३ जून
आई मावशीकडे चिरचिकला गेली आहे. संधी साधली. बाबांची कात्री घेतली. पानं काढत बसलो असतो तर दिवस गेला असता आणि प्रकाश आज अप्रतिम होता. एकच फांदी कापली, बुडाजवळची. म्हटलं, मुळावरच घाव घातला की काम एकदाच होतं.
फांदी नसून खोड होतं, हे तुरघून-अकांनी भिंतीवरून सांगितलं. त्यांना सगळ्यातलं सगळं कळतं. मी म्हटलं, बाहेरून तर फांदीच वाटते. संध्याकाळी पानं मान टाकून बसली होती. उद्या उठतील. पाणी घातलं. कार्डावरचं आठवडाभराचं हिरवंही पुसून टाकलं.

१६ जून
पानं गळली. फ्रेम मात्र स्वच्छ. टॉवर असा लख्ख दिसतो की अंगावर काटा येतो.
आई आली. मांडवाखाली उभी राहिली. हिरवे, मोहरीएवढ्या दाण्यांचे घड सुकून लोंबत होते, त्यांना तिने हात लावून बघितला. मला वाटलं बोलेल. मी बोलायची तयारी करून आलो होतो, शहर, काळ, बदल, सगळं. तिने आधी चहा टाकला. मग पेला माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "आता दिसते ना तुझी इमारत नीट?"
मी म्हटलं, हो. खरंच दिसत होती.

१ ऑगस्ट
जुलैभर गेलो नाही. आईकडे हल्ली फार शांतता असते, माझ्या एकाग्रतेला ती मानवत नाही. आज गेलो. डबा हाताला चटका देत होता. कॅमेरा मेलेला. कार्डावर छाटणीनंतरचे चार दिवस, पुढे काही नाही. उन्हाळ्याचे सर्वांत कडक चाळीस दिवस तो उघड्यावर भाजत होता.
आई म्हणाली, वेल होती तोवर सावली होती. मी म्हटलं, ही जपानी कंपनीची चूक आहे. त्यांनी आमच्याकडचं ऊन विचारात घेतलेलंच नाही. डब्याच्या रंगाबद्दल कोणी काही म्हणालं नाही, मीही विषय काढला नाही.
हिशेब मांडला. खड्डा, उडी, काही नाही, चार दिवस, काही नाही. जितका विचार करतो तितकं पटतं की फिल्म या रिकाम्या जागांमध्येच आहे.

१ सप्टेंबर
उद्घाटन. पेनड्राइव्ह खिशात. पडदा भव्य. दिवे गेले, संगीत सुरू झालं आणि टॉवर खड्ड्यातून उगवला. सुबक, चकचकीत, एकही मजूर नाही, धूळ नाही. माझा नव्हता. आजूबाजूला आईची गल्ली नव्हतीच. तिच्या जागी हिरवळ होती आणि हिरवळीवर एक कुत्रा.
दोनियोरला गाठलं. तो सौजन्याने वागला, हे सांगायला हवं. म्हणाला, "अका, ते मागच्या वर्षीच कंप्युटरवर करून घेतलं होतं. ऊन पाहिजे तसं मिळतं ना त्यात."
म्हटलं, अभिनंदन. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. पण त्या फिल्ममध्ये काळ नाही. परत येताना मेट्रोत मुनिसा माझ्याशी एकदाही खवचट बोलली नाही. तिने असं वागायला नको होतं.

१९ ऑक्टोबर
आईचं सामान हलवलं. तुरघून-अका सर्गेलीला मुलाकडे गेले. जाताना ते आणि आई अंगणात बराच वेळ उभे होते. मी ट्रकवाल्याला रस्ता दाखवत होतो, त्यामुळे काय बोलले ते ऐकलं नाही. मांडवाचे पाइप भंगारवाल्याने नेले. डबाही पाइपालाच चिकटून गेला.

१५ नोव्हेंबर
आईच्या फ्लॅटवर. नववा मजला. मोठा टीव्ही मी बसवून दिला, हे कोणी लक्षात घेत नाही. खिडकीतून दुसरे फ्लॅट दिसतात. तिने बाल्कनीत एक रिकामी कुंडी ठेवली आहे.
आज पहाटे बर्फ पडला. ती म्हणाली, एव्हाना वेल पुरून झाली असती. मग म्हणाली, "मिर्झोहिद, ती पानं आली होती ना तुझ्या कॅमेऱ्यापुढे, तू चिडला होतास बघ. ती लाव ना या टीव्हीवर."
मी म्हटलं, शोधावी लागतील. डिस्क जोडली. शोधल्यासारखं केलं. मग फेब्रुवारीचं लावलं. रिकामे पाइप, खड्डा, बर्फ येतो, बर्फ जातो. एका फोटोत अंगणाच्या कडेला आई झाडू घेऊन उभी आहे. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच नाहीशी होते. तिने ते शेवटपर्यंत बघितलं. हात मांडीवर ठेवून, लग्नात बसतात तशी. म्हणाली, हे सगळं वेल यायच्या आधीचं.
मी सांगितलं, पुढच्याचं एडिटिंग चालू आहे.
रविवारी लग्न आहे, पहाटेचा पुलाव, पाचला पोहोचायचं. घरचं नाही.
निघताना बूट घालत होतो तेव्हा ती दारात आली. म्हणाली, "ते एडिटिंग सावकाश कर. मी थांबते."