माग्नानिमुस, इकडे ये!

३ मार्च

नाव ठरलं. माग्नानिमुस! लॅटिन. अर्थ — थोर मनाचा. कुत्र्याचं पिल्लू गटारातून उचलून आणलेलं, एक कान फाटका. म्हणूनच तर! ज्याला सगळ्यांनी 'हाड' म्हणून हाकललं, त्याचं नाव घेताना तोंड भरलं पाहिजे.

बायको म्हणाली, "खोकल्याच्या औषधासारखं वाटतंय."

४ मार्च

जावयाची हिंमत बघा! "बाबा, कुत्रा आहे तो, न्यायाधीश नाही. गुंड्या म्हणू या." सगळे हसले. मुलगीसुद्धा! कामगारांचा पुढारी म्हणून कारखान्याच्या फाटकावर आयुष्यभर हेच ओरडत आलो — माणसाला 'ए', 'अरे' करता ना, तिथूनच त्याला वाकवायला सुरुवात होते. आणि माझ्याच घरात गुंड्या!

९ मार्च

घशात गाठ. ऑपरेशन. तोवर एक शब्दही बोलायचा नाही म्हणे. "आवाज राहील ना?" मी विचारलं. डॉक्टर टेबलावरचं पेन सरळ करत बसला. "बघू."

बघू! अरे, या आवाजावर बंद फाटकं उघडली आहेत!

१२ मार्च

दिवसभर गुंड्या, गुंड्या, गुंड्या. आणि मी मुका. शेवटी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून हिच्या नाकासमोर धरलं — माग्नानिमुस! "चष्मा सापडत नाहीये," म्हणाली. डोक्यावर होता!

१५ मार्च

पाटी आपटली. फुटली. पिल्लू पलंगाखाली. ही खाली वाकून त्याला समजावत होती, "ये रे गुंड्या, आजोबा तुझ्यावर नाही चिडलेत."

मग कोणावर? नावावरून घर डोक्यावर घेतलंय, पण उद्या सकाळी ऑपरेशन आहे, आणि ते कोणी बोलत नाही. मीही नाही. मोरीचं दार लावून एकदा नाव म्हणून पाहिलं, डॉक्टर गेला उडत. फाटका, घोगरा आवाज. तरी माझा होता.

२ एप्रिल

आवाज गेला. परत यायचा नाही.

आज सकाळी ही अंगणात जाऊन उभी राहिली. पदर खोचला, हात वर केला — अगदी मी सभेत करायचो तसा — आणि शेजारची दारं उघडतील अशी हाक मारली, "माग्नानिमुस!"

गुंड्या जागचा हलला नाही. त्याला ते नाव ठाऊकच नाही.

मीच उठून तिच्याजवळ गेलो.