खाली नाव नसलेला फ्लेक्स

४ जाने., रविवार

मामाच्या फ्लेक्सच्या दुकानात मंडळाच्या कबड्डीचा फ्लेक्स झाला एकदाचा. वीस बाय दहा. बबलूभाऊ अध्यक्ष माह्या खुर्चीमागं दोन तास उभा. माहा फोटो मोठा कर. साहेबापेक्षा लहान ठेव. पण लय लहान नको. खाली शुभेच्छुक एकतीस. एकतीस मुंडके कापले आज काम्प्युटरवर. त्यात एक बबलूभाऊचा साळा, तो पुण्याले राह्यते, त्यानं ग्राउंड पाह्यलं बी नसन.

गुलाबभाऊचा फोटो नाही.

इचाराचं होतं. ओठापर्यंत आलं अन् बसलं तिथीच. घरी आल्यावर दुकानाच्या नंबरवरून बबलूभाऊले मेसेज केला: गुलाब आडे यांचा फोटो राहिला आहे का?

उत्तर आलं: जागा नाही.

वीस बाय दहा. जागा नाही!!

५ जाने., सोमवार

डोक्यातून जाऊनच नाही राह्यलं.

एकोणीस वर्स. मी सतराची. म्हणजे माह्या जन्माच्या आधीपासून हा माणूस आर्णीच्या टीममधी डाव्या कोपऱ्यात उभा हाये. चढाईवाल्याचा घोटा धरला का सुटत नाही. पुसदवाल्याईनं बोलावलं, नागपूरवाल्याईनं बोलावलं. दिग्रसवाले तं आमच्या तांड्यावर गाडी घेऊन आलते, मी लहान होती, गाडीमागं पळलती. नाही गेला. दिवसभर जिनिंगमधी कापसाच्या गाठी उचलते अन् संध्याकाळी पोट्ट्याईले पकड शिकवते.

मामा जेवाले आलता. म्हणे हरयाणाचे चार पोरं आणून राह्यले, मॅट बी भाड्यानं. गुलाबले 'मार्गदर्शक' केलं.

मी म्हटलं, म्हणजे?

"म्हणजे खुर्चीवर बसन. वय झालं वं त्याचं, एक्केचाळीस. गुडघा गेला. बाहेरचे आणल्याबिगर कप राह्यते का गावात?"

याडी, माही माय, भाकर थापता थापता म्हणे, "मंग कप बी बाहेरूनच इकत आणा ना दादा. एवढा खटाटोप कायले?"



८ जाने., गुरुवार

दुकान सुटल्यावर ग्राउंडवर गेली. गुलाबभाऊ एकटाच गोटे वेचून राह्यलता, मॅट टाकाची म्हणून.

दरवर्सी ग्राउंडची फक्की तोच मारते. दोरी ताणाची, दोरीच्या कडंनं पांढरी रेघ. अन् दोरीचं दुसरं टोक मी धरते. तीन वर्स झाले. नववीत सरानं धडा वाचाले उभं केलतं, माह्या तोंडातून अक्षर निघालं नाही, सारा वर्ग हासला. मी दप्तर घेऊन निघाली ते ग्राउंडच्या भिंतीवर जाऊन बसली. तो फक्की मारत होता. काहून रडतं, कोणाची पोरगी, काही नाही इचारलं. म्हणे, "हे टोक धर. बोला नाही लागत, ताणून धरा लागते."

शाळेत पुन्हा गेली नाही. दोरी मात्र धरते.

त्यानंच गाठ शिकवली. दोन येढे अन् आतून काढाची. कितीबी ओढा, सुटत नाही.

आज म्हणे, "यावर्सी दोरी नाही बरं पूनम. मॅटवर रेघा छापूनच येते." हासला. पण गोटे वेचतच होता.

मंग म्हणे, "शेवटचं वर्स हाये माहं. बॅग भरून ठेवली. बोलावलं तं उतरतो. एक पकड, बस."

मले म्हणाचं होतं, बोलावतीनच ना. नाही म्हणली. खोटं झालं असतं.

१० जाने., शनिवार

आजचं काम: एका पोट्ट्यानं बुलेट घेतली. फ्लेक्सवर 'तरुणांचे प्रेरणास्थान'. दुसऱ्याचा वाढदिवस, तो चौकात बसते नुसता. 'धडाडीचे नेतृत्व'. हे सारं मीच लिहिते. आर्णीतल्या हरेक माणसाची तारीफ माह्या बोटानं झाली. ज्याची कराची त्याची कोणी ऑर्डरच देत नाही.

मामा यवतमाळले गेलता. रोलचा तुकडा उरलता, पाच बाय तीन. तो लावला मशीनले.

फोटो एकच भेटला, जुन्या पेपरातला, काळापांढरा. झेंडूची किनार टाकली, तयारच असते काम्प्युटरमधी. मॅटर:

गुलाबभाऊ आडे
डावा कोपरा
एकोणीस वर्षे आपल्याच मातीत
आर्णी तुम्हाला कधीच विसरणार नाही

शुभेच्छुकची जागा खाली ठेवली. कोणाचं टाकू? माहं? पोट्टीचं नाव माणसाच्या फोटोखाली. तांड्यात काय बोलतीन ते मले आजच आयकू येते. राहू दे. कोण म्हणते त्याच्यापेक्षा काय म्हणते ते महत्त्वाचं. (असं मले वाटलं. अक्कल!)

१२ जाने., सोमवार

मरून जावं वाटून राह्यलं.

सकाळी सहाले चौकात बांधला. कोणी पाह्यलं नाही. नऊले दुकानात बसली. मामा आला, टोपी हातात. म्हणे, "गुलाब गेला वं."

मी म्हटलं, कुठी?

"कुठी म्हणजे? गेला. चौकात फ्लेक्स लागला ना."

फोन पाह्यला. सारे स्टेटस गुलाबभाऊचे. माह्याच फ्लेक्सचा फोटो अन् वरतं भावपूर्ण श्रद्धांजली. बबलूभाऊचा स्टेटस: 'आर्णीचा वाघ गेला. मंडळाचा आधारस्तंभ हरपला.' अन् रडके तोंडं पाच.

मामा हार घेऊन तांड्यावर गेला. मी सांगाले पाहिजे होतं. मामा, तो जित्ता हाये, फ्लेक्स मी केला. चार शब्द. नाही निघाले. मामा गाडीवर बसून गेला तरी मी तशीच उभी.

बाकीचं याडीनं सांगतलं. गुलाबभाऊ हापशावर दात घासत होता. जिनिंगचे पंधरावीस माणसं टमटममधून उतरले, डोक्याले दुपट्टे बांधून, अन् त्यालेच इचारते, मयत कोण्या घरी हाये? त्यानं मान वर केली तं एक जण टमटममधी वापस चढला. मंग ढाणकीची बहीण आली, आटोतूनच रडत, गळ्यात पडली, अन् मंग चप्पल काढून मारलं त्याले. "जित्ता हायेस तं फोन काहून नाही उचलत!" फोन चार्जिंगले होता.

मामानं हार तसाच वापस आणला. खुंटीले टांगला. दिवसभर बडबड. "कोण्या बेअकलेनं केला असन? काळापांढरा फोटो, झेंडू, विसरणार नाही, अन् खाली एक बी शुभेच्छुक नाही. जित्त्या माणसाच्या फ्लेक्सवर लोकं आपलं तोंड टाकल्याबिगर राह्यते का? मयताच्याच फ्लेक्सवर कोणाले हौस नसते."

दोन वर्स झाले मले या दुकानात. हे मले समजाले पाहिजे होतं.

१३ जाने., मंगळवार

सारे स्टेटस गायब. बबलूभाऊचा बी. वाघाच्या जागी हरयाणाच्या पोराईसंग सेल्फी.

चहाच्या टपरीवर गुलाबभाऊले पोट्टे म्हणते, "भूत आलं बे, भूताले कट चहा द्या." तो हासते. मले तो हासते तेच पाह्यलं जात नाही.

पण मी काल स्क्रीनशॉट काढून ठेवले. भेवानंच काढले, पोलीस आले तं दाखवाले. आज वाचले. इथी लिहून ठेवते.

टपरीवाले रशीदचाचा: 'हरलो त्या साली हा खुद रोया, और हम सबको चाय पिलाया. मेरीच टपरी पे.'

जिनिंगचा कोणीतरी: 'माहा हात मशीनमधी जात होता. यानं मनगट धरून ओढलं. कबड्डीवाली पकड होती म्हणून वाचलो.'

एक जण, नाव माहीत नाही: 'माह्या लग्नाच्या दिवशी फायनल होती. नवरी मांडवात बसवून याची पकड पाहाले गेलतो. बायको आजबी बोलते.'

असे बावन्न. मोजले.

बावन्न लोकाईले हे सारं माहीत होतं. सकाळी नऊ ते अकरा, दोन तास बोलले. तो उठून उभा राह्यला तं चूप. आता तेच त्याले भूत म्हणून राह्यले. मले राग येऊन राह्यला. कोणावर, तेच समजत नाही. माह्यावर बी. मी तरी कवा बोलली?

१४ जाने., बुधवार

संक्रांत. मामाले काम्प्युटरमधी फाईल सापडली.

ओरडला नाही. तीळगूळ हातावर ठेवला अन् म्हणे, "दुकानाचं नाव खराब होईन. तोंड बंद ठेवजो." मंग म्हणे, "तसं बी तू कुठी बोलतं म्हणा."

तीळगूळ कडू लागला.

१५ जाने., गुरुवार

मामा डिलिव्हरीले गेलता. दारात सावली पडली. गुलाबभाऊ. काखेत फ्लेक्सची गुंडाळी.

मी उठली, बसली, उठली.

त्यानं टेबलावर दोरी ठेवली, फ्लेक्सची. गाठ तशीच, कापून आणली. म्हणे, "पोट्टे ओढू ओढू थकले, सुटत नव्हती. मी म्हटलं, ही गाठ आर्णीत दोघालेच येते. एक तं मी मेलतो."

मले माफी मागाची होती. तोंडच नाही उघडलं. फोन काढला अन् स्क्रीनशॉट त्याच्या हातात दिले.

उभ्याउभ्याच वाचले. ओठ हालवत, हळूहळू. मनगटवाला दोनदा वाचला. जिनिंगमधी रोज त्याच्याच बाजूले उभा राह्यते म्हणे तो, कवा काही बोलला नाही.

मंग खुर्चीवर बसला. गुडघा धरून, दमानं.

"फोटो मस्त हाये पण. तवा केस होते."

उठताना म्हणे, "हा फेकू नको. चुकी फकत एक हाये. खाली नाव टाकून दे."

"कोणाचं?" मी म्हणली. आवाज आला माहा.

"ज्यानं केला त्याचं."

१६ जाने., शुक्रवार

सामने चालू झाले. हरयाणावाले भारी खेळते, खोटं कायले लिहू. पहिला सामना आपणच जिंकला. पण टाळ्या कोणाले माराच्या, कोणाले त्याईचे नावं माहीत नाही. मागून एक म्हातारा ओरडला, "शाब्बास रे, लाल चड्डीवाल्या!"

गुलाबभाऊ खुर्चीवर. छातीले बिल्ला, 'मार्गदर्शक'. त्याले कोणी काही इचारून नाही राह्यलं. खुर्चीखाली बॅग.

मायकवाल्याजवळ चिठ्ठी दिली का तो वाचून दाखवते. मी लिहून नेलती: गुलाबभाऊला एकदा उतरवा. चिठ्ठी मुठीतच राह्यली. घामानं शाई पसरली. मायक माह्यापासून दहा पावलं होता. वापस आली.

काय फायदा माहा? ताणून धरता येते, बस.

१७ जाने., शनिवार

सकाळी एक पट्टी छापली. फ्लेक्सच्या खाली चिकटवली.

शुभेच्छुक: पूनम चव्हाण.

मामानं पाह्यलं. म्हणे, "फोटो कलर करून देऊ का त्याचा? नाही तं पुन्हा लोकं हार घेऊन येतीन." त्यानंच कलर फोटो छापून जुन्यावर चिकटवून देला. पण बांधाले आला नाही. बबलूभाऊचं गिऱ्हाईक तुटन म्हणून.

ग्राउंडच्या गेटवर बांधला, वीस बाय दहाच्या बाजूले. दहा पावलं नाही गेली तं मागून, "ओ शुभेच्छुक! आमाले बी शुभेच्छा दे ना वं!" दिवसभर तेच. तांड्यातल्या दोन काक्याईनं याडीले बलावून इचारलं. याडी म्हणे, पोरीनं नाव लिहिलं, चोरी नाही केली. घरी येऊन मात्र माह्यासंग बोलली नाही.

एकटे रशीदचाचा दुकानात आले. "बेटा, उसमें जगा है ना? मेरा भी नाम डाल दे. फोटू मत डाल, फोटू में मैं अच्छा नई आता." बाकी एकावन्न कुठी हाये?

संध्याकाळी सेमीफायनल. जिंकलो. पण शेवटच्या चढाईत डाव्या कोपऱ्यातल्या हरयाणावाल्याचा पाय मुरगळला. उचलून नेला. डावा कोपरा रिकामा. मी गुलाबभाऊकडे पाह्यलं. तो बबलूभाऊकडे पाहून राह्यलता. बबलूभाऊ फोनवर: "अबे पुसदचा कोणी हाये का, उद्यापर्यंत?"

गुलाबभाऊनं बॅग पायानं थोडीशी पुढं सरकवली. मंग वापस मागं घेतली.

ते मले कवाच नाही विसरता येणार.

उद्या चारले फायनल. पुसदवाला येते का नाही, कोणाले माहीत नाही.

नवी चिठ्ठी लिहिली. यावेळी मायकवाल्याले नाही देत. कोणाले देऊन फायदा नाही. आरशासमोर वाचून पाह्यली. पहिल्यांदा नुसते ओठ. दुसऱ्यांदा थोडा आवाज. तिसऱ्यांदा चुलीजवळून याडी बोलली, सकाळपासून पहिल्यांदा:

"पूनी, कोणासंग बोलून राह्यली वं?"

मी म्हणली, कोणासंगच नाही अजून.

"मंग जोरानं बोल. मले इथी आयकू नाही येत."