बाथरूमची तीन कोटेशनं

दादा,

मी आईजवळ हॉस्पिटलात चाललेय. शनिवारी तिला घरी सोडतायत, त्यामुळे बाथरूमचं काम आज कुणाला तरी द्यायलाच हवं होतं.

तिन्ही कोटेशनं टेबलावर आहेत. तुझा दोस्त सगळ्यांत स्वस्त, मान्य. पण तो दारातूनच आत डोकावला आणि फोनवर बोलता बोलता आकडा सांगून गेला. दुसऱ्याने चकचकीत टाइल्सचे फोटो दाखवले. आपल्याला तिथे काय पाहुणे बसवायचेत? तिसरा मिस्त्री महाग आहे. पण तो चपला काढून आत गेला, आईच्या स्टुलावर बसला, उठला आणि मला म्हणाला, "आजी उठताना कुठला हात टेकतात?" मला सांगता येईना. आईलाच फोन केला. डावा.

काम त्यालाच दिलंय. दोस्ताला "नाही" तूच सांग, तो वाईटपणा मी घेणार नाही.

आणि आई पहिल्यांदा पडली तेव्हा तू आणलेला आधाराचा दांडा बेसिनखाली सापडला. "रविवारी बसवतो" म्हणाला होतास. खोक्याची चिकटपट्टीसुद्धा निघालेली नाही. आई काल विचारत होती, दांडा बसवला का. मी सांगितलं, हो, दादाने बसवला.

उद्या नऊला मिस्त्री येईल. निदान समोर उभा राहा.