चक्रीभोवतीची जाड रेघ

मामंजी, आज सकाळी कपाट आवरताना गाडीच्या पंपातली ती पितळी चक्री हाताला लागली. चिंच लावून घासली, तर अशी लखलखली की गाडीत असताना कधी लखलखली नसेल. आता मी टेबलाशी बसले आहे, वर पंखा फिरतोय आणि हा कागद उडू नये म्हणून तीच त्याच्यावर ठेवली आहे. तुमची सून या वयात तुम्हाला पत्र लिहिते आहे हे पाहून तुम्हाला हसू येईल. पण या चक्रीबद्दल एक गोष्ट माझ्या तोंडून तुम्ही कधी ऐकली नाहीत, आणि ती सांगायला मला आता फार उशीर करून चालणार नाही.

मी लग्न होऊन पोलादपूरला आले तेव्हा घरात माझ्यापेक्षा गाडीला मान जास्त होता. मला झोपायला माजघरातला कोपरा, आणि तिला परसात शाकारलेला स्वतंत्र मांडव. महाबळेश्वरच्या ज्या साहेबाकडे तुम्ही ड्रायव्हर होता तो देश सोडून जाताना ती हिरवी विलायती गाडी तुमच्या हवाली करून गेला होता. तिची कंपनी तिकडे केव्हाच बंद पडलेली आणि इकडे परदेशी मालावर बंदी आलेली. तेव्हा एखादा भाग मोडला की तुम्ही तो तारेने बांधायचा, चामड्याने मढवायचा, नाहीतर दुसऱ्याच कुठल्या गाडीचा घासून पुसून बसवायचा. तरी महाडच्या दवाखान्यात न्यायचा रोगी असो की सासरी निघालेली नवरी, लोक आधी आपल्याच अंगणात येत. एसटी होती, पण एसटी कुणाच्या दारात येत नाही.

त्या वर्षी मात्र ती आजारीच पडली. इंजिनात पाणी खेळवणारी पंपातली चक्री गंजून गेली होती. तिची सहापैकी तीन पाती खाल्ली गेलेली, तीन शाबूत. आंबेनळीचा घाट तर सोडाच, महाडच्या सरळ रस्त्यालाही गाडी सवच्या गरम पाण्याच्या कुंडासारखी वाफाळायची. उतारू पाण्याचा डबा मांडीवर घेऊनच बसत, आणि प्रत्येक ओढ्याला कुणीतरी उतरून तो भरून आणी. हे तेव्हा मुंबईला गोदीत होते. मे महिन्यात घरी आले ते महाडच्या भंगारवाल्याशी गाडी विकायचं बोलूनच. तुम्ही गाडीकडे बघत म्हणालात, "गौरी-गणपतीपर्यंत थांब. गौर जायच्या दिवशी गाडी धड चालली नाय, तर ने. मी आडवा येणार नाय." तुमचा शब्द म्हणजे शब्द होता. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत, हे सासूबाईंनी मला चुलीशी सांगितलं.

जुनी चक्री काढून मुंबईला पाठवावी तर इकडे गाडी उभी. म्हणून तिचा नुसता आकार कागदावर उतरवून पाठवायचा असं ठरलं, आणि मी मराठी सातवीची फायनल पास झालेली असल्यामुळे ते काम माझ्याकडे आलं. पण सून सासऱ्यासमोर बोलत नसे. मी स्वयंपाकघरात पदर नाकापर्यंत ओढून पाटावर कागद पसरलेला, तुम्ही दाराबाहेर आणि मध्ये सासूबाई. "अगो, तिला सांग, चक्री हलू देव नको," तुम्ही म्हणायचात. सासूबाई माझ्याकडे वळून, "चक्री हलू देव नको म्हणतात." जसं काही मी बहिरी. मधल्या भोकाच्या मापाची बांबूची खुंटी तुम्ही तासलीत, जाडीसाठी सुताला गाठी मारल्यात. रेघ तेवढी माझी. घरात सुताराची विसरून राहिलेली जाड पेन्सिल होती. तिने मी चक्रीभोवती, खाल्लेल्या पात्यांच्या जागी शाबूत पाती फिरवून आणून, एकदा रेघ मारली, ती मला पुसट वाटली. मुंबईत हे राहत त्या खोलीत अंधार असेल, दहा माणसं बघतील, नीट दिसायला हवी, म्हणून मी तिच्यावरून पुन्हा पेन्सिल फिरवली, आणि मग आणखी एकदा. चांगली ठसठशीत रेघ झाली. मला तिचा अभिमान वाटला, हे लपवत नाही. पदराआडून का होईना, सासऱ्यांनी कौतुक करावं असं पहिलंच काम माझ्या हातून झालं होतं.

आपल्या गावकऱ्यांची मुंबईत एक खोली होती. तिथे तो कागद भिंतीवर लागला आणि सुट्टीचा दिवस आला की कुणी ना कुणी तो खिशात घालून जुन्या बाजारात निघे. एवढी माणसं एका चक्रीच्या मागे लागलेली मी पुन्हा पाहिली नाही. एसटीचा कंडक्टर स्टँडवर उतरला की हाक मारायचा, "मामा, तुमच्या गाडीचं काळीज आलं बघा." पुडकं सोडावं तर आत शिवणयंत्राचं चाक. पुढच्या खेपेला टेबलफॅनची पाती. एकाने तर पानाच्या डब्याचं झाकण पाठवलं, कारण ते कागदावरच्या रेघेत बरोबर बसत होतं. तुम्ही प्रत्येक वस्तू उलटसुलट बघायचात, पाठवणाऱ्याची खुशाली विचारायचात आणि ती ओट्याखाली ठेवून द्यायचात. झाकणात सासूबाईंनी वर्षभर मीठ काढून घेतलं.

शेवटी घाटाकडच्या वाडीतला एक माणूस निघाला. तो मुंबईच्या एका कारखान्यात टर्नर होता, लेथवर धातूचे भाग कातायचा. तो म्हणे, शोधत काय बसता, मी करून देतो. त्याने जेवणाच्या सुट्टीत थोडं थोडं काम करून पितळेची नवी चक्री घडवली. गणपतीच्या आदल्या दिवशी हे ती ट्रंकेत, नव्या धोतरात गुंडाळून घेऊन आले. तुम्ही पंप उघडलात, चक्री लावलीत आणि थांबलात. ती आत जाईना.

"गव्हाच्या दाण्याएवढी थोर झालीय," तुम्ही म्हणालात. "कारागिराचा हात जरा सैल दिसतो."

मी दारामागे उभी होते. गव्हाच्या दाण्याएवढ्या जाडीची एक वस्तू मला ठाऊक होती. त्या टर्नरने चक्री माझ्या रेघेच्या बाहेरच्या कडेने कापली होती. सासूबाई हाताच्या अंतरावर होत्या. त्यांच्या कानात सांगितलं असतं तर एका वाक्यात काम झालं असतं. मी आत जाऊन नारळ खवत बसले.

मग तुम्ही कानस घेऊन बसलात. घरात गणपती, आरत्या, पाहुणे, आणि अंगणात तुमचं खर्र खर्र. पंपाच्या आतून काजळ फासायचं, चक्री बसवून फिरवायची, जिथे काळं लागेल तिथे घासायचं, पुन्हा काजळ. सहाही पाती सारखी उतरायला हवीत, नाहीतर थरथरेल. सासूबाई चिडल्या, "देवाच्या दिवसांत काय ही खरवड लावलीय?" पण काजळी धरायला त्यांनीच मला दिव्यावर वाटी पालथी घालायला सांगितलं. माझ्याकडून होईल तेवढं मी केलं, म्हणजे काजळ केलं. एवढं काजळ मी माझ्या चार मुलांच्या डोळ्यांना मिळून घातलं नाही. तिसऱ्या दिवशी तुमच्या बोटांतून रक्त यायला लागलं, तेव्हा यांनी तुमच्या हातातली कानस घेतली आणि स्वतः घासायला बसले. गाडी विकायला निघालेला माणूस. तुम्ही त्यांच्याकडे बघितलंत आणि कानस कशी सरळ धरायची तेवढं सांगितलंत.

गौर गेली त्या दुपारी चक्री आत बसली. भंगारवाल्याचं नाव यांनी पुन्हा काढलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही सासूबाईंना म्हणालात, "सूनबायला सांग, पिशवी भर. दासगावला माहेरी सोडतो." पाऊस उघडला होता, भातं पोटरीला आली होती, कणसं बाहेर पडायच्या बेतात. पाण्याचा भरलेला डबा माझ्या मांडीवर होता. पहिला ओढा गेला, दुसरा गेला, सावित्रीवरचा पूल गेला, महाड गेलं. गाडी थांबली नाही. दासगावच्या अंगणात मी उतरले तेव्हा डबा तसाच भरलेला होता, आणि तुम्ही तो माझ्या हातातून घेऊन माझ्या आईच्या तुळशीला घातलात. मला फार आनंद झाला होता. इतका, की त्या जाड रेघेचं काय झालं ते आता कुणाला कळणार नाही, असंही मला वाटून गेलं.

पण "सैल हात" हे शब्द मुंबईपर्यंत गेले होते. शिमग्याला तो टर्नर गावी आला आणि वाडीत जायच्या आधी आपल्या अंगणात उभा राहिला. माणूस गरीब स्वभावाचा. आवाज चढवला नाही त्याने. खिशातून तो कागद काढला, घडी सोडून तुमच्या पुढ्यात धरला.

"मामा, मी कागदाबरहुकूम केलंय. तुमीच बघा. माझा हात सैल नाय."

मी दाराच्या फटीतून बघत होते. तुम्ही कागद उन्हाकडे धरलात. बोटाने ती रेघ एकदा चाचपलीत, आधी आतली कड, मग बाहेरची. आता दाराकडे बघाल असं मला वाटलं. तुम्ही बघितलं नाहीत.

"चूक माझी हाय," तुम्ही म्हणालात. "पेन्सिल मी धरली व्हती. डोळं चालत नाय आता, जाड रेघ मारली. तुझा हात सोन्याचा हाय रे बाबा, मी सगळ्यांना सांगेन." आणि कागद घडी करून बंडीच्या खिशात घातलात. त्याला पुरणपोळीला बसवलंत, जाताना गाडीतून वाडीच्या पायथ्याशी सोडून आलात. ती रेघ मी मारली हे सासूबाईंना ठाऊक होतं, त्यांच्या डोळ्यांदेखत मारली होती. त्या तव्यावरची पोळी उलटत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीशेजारच्या कोनाड्यात एक नवी, बारीक पेन्सिल होती. पात्याने तासून तिला सुईसारखं टोक केलेलं. पुढे गाडीचा कुठलाही भाग मोडला की आकार मीच काढायचे, आणि दर वेळी कोनाड्यात टोक केलेली पेन्सिल तयार असायची. दाराच्या कडीपासून ब्रेकच्या पट्टीपर्यंत कितीतरी वस्तू माझ्या रेघेवरून मुंबईत घडल्या आणि इथे येऊन नीट बसल्या. माझं हे घर मला आवडायला लागलं ते त्या पेन्सिलीपासून, असं मला वाटतं. तुम्ही असेपर्यंत गाडी चालली. तुम्ही गेल्यावर ती द्यावी लागली, तेव्हा पंप उघडून यांनी ही चक्री काढली आणि माझ्या ओंजळीत ठेवली. यांनाही ठाऊक होतं की काय, कोण जाणे.

हा कागद आता मी घडी करून चक्रीखालीच ठेवणार आहे. तेव्हा तोंडावर पदर होता, सासऱ्याशी बोलायची रीत नव्हती, म्हणून सांगता आलं नाही, असं मी इतकी वर्षं मनाला समजावत आले. पण मामंजी, पहिला नातू झाल्यावर तुम्हीच मला पदर मागे घ्यायला लावलात. त्यानंतर आपण अंगणात बसून वर्षानुवर्षं बोललो. शेतीचं बोललो, मुलांचं बोललो, गाडीचं तर रोज बोललो. पदर नव्हता, आणि तरी मी सांगितलं नाही. तुम्ही माझी चूक अंगावर घेतली होतीत, ते मला इतकं आवडलं होतं की ती परत मागायला मन होईना.